आधी हवा, मग इंधन : डिझेल इंजिन चालते कसे आणि टिकून का आहे

पेट्रोल आणि डिझेल या दोन्ही इंजिनांचा सांगाडा एकच आहे. सिलिंडर, त्यात वरखाली होणारा पिस्टन, त्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा क्रँक, आणि हवा आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा हे सर्व दोन्हींकडे असते. फरक आहे तो एका क्रमाचा. पारंपरिक पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आधी तयार होते, ते दाबले जाते आणि मग स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. डिझेल इंजिनात मात्र केवळ हवा दाबली जाते, आणि ती दाबून लालबुंद धातूइतकी तापल्यावर, अगदी शेवटच्या क्षणी, तिच्यात इंधनाचा फवारा सोडला जातो. तेथे ठिणगी लागत नाही. डिझेलचे मायलेज, त्याची ओढ, त्याचे वजन, टकटक, काळा धूर आणि वाढलेली किंमत हे सारे या एका क्रमबदलातूनच निघालेले आहे, आणि म्हणून त्याचे गुण ठेवून दोष तेवढे काढून टाकणे अभियंत्यांना इतके जड गेले आहे.

हवा दाबली की तापते, हे सायकलमध्ये जोरजोरात हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पंपातली उष्णता बाहेर निसटायला वेळ मिळतो. इंजिनात पिस्टन इतक्या वेगाने वर येतो की तो वेळ फारसा मिळत नाही. साध्या डिझेल इंजिनात हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यात कोंबली जाते आणि तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या बरेच वर जाते. डिझेल साधारण २५० अंशांच्या आतबाहेर आपोआप पेट घेऊ शकते. त्यामुळे एवढ्या तप्त हवेत शिरलेला बारीक फवारा पेटणे अटळच असते. आग्नेय आशियात पोकळ नळीत दट्ट्या झटकन दाबून कापसासारखे वाळके द्रव्य पेटवण्याचे साधन पूर्वापार वापरात होते. तत्त्व तेच आहे.

मग पेट्रोलही असेच का दाबत नाहीत? कारण तिथे हवेबरोबर इंधन आधीच आत असते. मिश्रण प्रमाणाबाहेर दाबले तर ते ठिणगीची वाट न पाहता कोपऱ्याकोपऱ्यांतून स्वतःच भडकते आणि इंजिन ठोके देऊ लागते. म्हणून नेहमीच्या पेट्रोल इंजिनात दाबण्याचे गुणोत्तर साधारण दहा-बाराच्या जवळपास थांबवावे लागते. डिझेलमध्ये दाबताना जळण्याजोगे काही आतच नसल्यामुळे ही भीती उरत नाही. इंधनांची परीक्षाही त्यामुळे उलटी असते. पेट्रोल सहजासहजी आपोआप पेटता कामा नये आणि ही सहनशक्ती ऑक्टेन क्रमांक सांगतो; डिझेलने मात्र विनाविलंब पेटले पाहिजे आणि ती तत्परता सीटेन क्रमांक सांगतो. भारतात भारत स्टेज ६ (वाहनांच्या धुराचे आणि इंधनाचे सरकारी निकष) च्या डिझेलसाठी हा क्रमांक किमान ५१ असावा लागतो.

जास्त दाबण्याचा फायदा असा की जळलेल्या वायूला पुन्हा पसरायलाही तितकीच जास्त जागा मिळते. वायू जितका पसरतो तितकी त्याची उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्च होते आणि सायलेन्सरवाटे वाया जाणारी उष्णता घटते. इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण तो बहुतेक लेखांत निसटतो. दोन्ही इंजिने समान गुणोत्तराने दाबली, तर कागदावरच्या गणितात पेट्रोलचेच चक्र थोडे सरस ठरते. डिझेलचे श्रेष्ठत्व असे की ते पेट्रोलला न परवडणाऱ्या गुणोत्तरापर्यंत जाऊ शकते.

दुसरा फायदा कमी चर्चेतला, पण रोजच्या वापरात मोठा आहे. पेट्रोल इंजिनात मिश्रणाचे प्रमाण ठरावीक राखावे लागते, त्यामुळे शक्ती कमी हवी असेल तेव्हा थ्रॉटलची झडप अर्धवट मिटून हवाच अडवावी लागते, आणि त्या अडवलेल्या वाटेतून हवा ओढून घेण्यात इंजिनाची काही ताकद फुकट जाते. डिझेल इंजिन हवा नेहमी पोटभर घेते. शक्ती कमी-जास्त करायची ती केवळ इंधनाची मात्रा बदलून. उभ्या गाडीत चालू ठेवलेले किंवा अर्ध्या भारावर चालणारे डिझेल इंजिन आश्चर्य वाटावे इतके कमी पिते, याचे कारण हेच. अर्थात लिटरमागे मिळणाऱ्या जास्त किलोमीटरांचे सगळे श्रेय इंजिनाला देऊ नये. डिझेलची घनता पेट्रोलपेक्षा जास्त असते, एका लिटरमध्ये ते वजनाने अधिक भरते, आणि त्यामुळे लिटरमागे ऊर्जाही सुमारे दहा-पंधरा टक्के जास्त असते. आपण इंधन मापाने विकत घेतो, वजनाने नव्हे, म्हणून हा भाग डोळ्यांआड राहतो.

ही कल्पना रुडॉल्फ डिझेल यांची. १८५८ मध्ये पॅरिसमध्ये बव्हेरियन आईवडिलांच्या पोटी त्यांचा जन्म झाला आणि म्युनिकमध्ये शीतयंत्रांचे जनक कार्ल फॉन लिंडे यांच्या हाताखाली ते शिकले. त्या काळची बहुतेक वाफेची इंजिने कोळशातल्या ऊर्जेपैकी जेमतेम दहा-बारा टक्के कामाला लावत; उरलेली धुराड्यातून आणि गरम पाण्यातून निघून जाई. उष्णतेचे कामात रूपांतर करण्याची जी सैद्धांतिक कमाल मर्यादा आहे तिच्याजवळ जाणारे इंजिन डिझेल यांना हवे होते. १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी ते मिळाले. त्यांनी मुळात कल्पिलेले दाब इतके प्रचंड होते की तसे इंजिन स्वतःची हवा दाबण्यातच दमले असते. हिशेब पुन्हा मांडून त्यांनी दाब कमी केला, आणि आउग्सबुर्गच्या कारखान्यात ऑगस्ट १८९३ मध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा पहिल्याच स्फोटात दाब मोजणारे उपकरण उडाले. इंजिन चालले नाही, पण ठिणगीशिवाय इंधन पेटते हे सिद्ध झाले. पुढे चार वर्षे खपल्यावर १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी सुमारे वीस अश्वशक्तीच्या एका सिलिंडरच्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली आणि कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. वाफेच्या दुप्पट! डिझेल यांचे आयुष्य मात्र सुखात संपले नाही. सप्टेंबर १९१३ मध्ये अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून ते रात्रीतून नाहीसे झाले, आणि त्याविषयीचे तर्कवितर्क आजही चालू आहेत.

ते इंजिन खायला फारसे चोखंदळ नव्हते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. त्याची खरी अडचण वेगळी होती. प्रचंड दाबाखालच्या हवेत इंधन शिरवायचे तर त्याहून मोठ्या दाबाने ते ढकलले पाहिजे, आणि तसा पंप बनवणे त्या काळच्या कारागिरीच्या आवाक्यात नव्हते. म्हणून डिझेल यांनी वेगळा कॉम्प्रेसर लावून दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर इंधन आत फुंकले. हा कॉम्प्रेसर जड, खर्चिक आणि बिघडणारा. त्यामुळे पहिली काही दशके डिझेल इंजिन कारखान्यांत, वीजघरांत आणि जहाजांवरच राहिले. कोपनहेगनमध्ये बांधलेले सेलांडिया हे जहाज १९१२ मध्ये डिझेल इंजिनांवर बँकॉकच्या सफरीला निघाले, तेव्हा धुराडे नसलेली ही बोट पाहून लोक चकित झाले. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये इंधनाचा नेमका पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला आणि त्यानंतर हे इंजिन ट्रक, ट्रॅक्टर आणि मोटारींत मावू लागले. मर्सिडीज बेंझची २६० डी ही डिझेल मोटार १९३६ ची.

या पंपाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण जुन्या डिझेल इंजिनाची सगळी हुशारी त्यात आहे. मिस्त्री ज्याला नुसते 'पंप' म्हणतात त्याच्या आत बोटाएवढा एक प्लंजर, म्हणजे दट्ट्या, असतो. तो आणि त्याची नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढी असते. प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खाच असते. प्लंजर स्वतःभोवती थोडा फिरवला की खाच छिद्रासमोर लवकर किंवा उशिरा येते आणि त्यानुसार त्या फेरीला किती डिझेल जायचे ते ठरते. पंपातून निघालेले डिझेल नोझलपाशी पोचते आणि दाब सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोनशेपट झाला, की नोझलची सुई उचलली जाऊन फवारा उडतो. पंपाला जोडलेला असतो गव्हर्नर : फिरणारी वजने, वेग वाढला की बाहेर फेकली जाणारी आणि इंधन कमी करणारी, भार पडून वेग घटला की आत येणारी आणि इंधन वाढवणारी. या सगळ्यात कुठेही वीज नाही. तारा नाहीत, बॅटरी नाही, कॉइल नाही. प्लंजरला वंगणही स्वतः डिझेलच पुरवते, आणि म्हणूनच डिझेलच्या टाकीत चुकून पेट्रोल भरले गेले तर इंजिन सुरूच करू नये असे सांगतात, कारण पेट्रोलला तो तेलकटपणा नसतो आणि पंप घासला जातो.

महाराष्ट्राच्या शेतीत डिझेल इंजिनाने जे स्थान मिळवले ते याच स्वयंपूर्णतेमुळे. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली, आणि गावोगाव वीज पोचण्याआधीच्या काळात पाच अश्वशक्तीची, मिनिटाला १५०० फेऱ्यांची तिची इंजिने विहिरींच्या काठावर बसली. मोटेची जागा त्यांनी घेतली, गुऱ्हाळांचे चरक आणि पिठाच्या गिरण्या फिरवल्या. असे इंजिन हाताने सुरू होते आणि ती कृतीच एक धडा आहे. अठरापट दाबणाऱ्या सिलिंडरला हाताने फिरवणे माणसाच्या ताकदीबाहेरचे असते, म्हणून आधी एक लिव्हर दाबून झडप उघडी ठेवायची. हवा दाबली न जाता निसटत राहते. हँडल मारून जड फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि मग लिव्हर सोडून द्यायचा. चाकात साठलेला जोर पिस्टनला दाबाच्या चढावरून पार नेतो, हवा तापते, फवारा पेटतो आणि इंजिन चालू लागते. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली तर मात्र पाइपात हवा शिरते, हवा दाबली जाते पण नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही, आणि नट सैल करून 'एअर काढल्या'शिवाय ते ढिम्म हलत नाही. तेवढे एक पान्याचे काम आले की खेड्यातला कोणीही त्याचा अर्धा मेकॅनिक होतो. माझ्या मते डिझेलच्या लोकप्रियतेचे मायलेजइतकेच मोठे कारण हे आहे.

या स्वयंपूर्णतेची एक धोक्याची बाजूही आहे. किल्ली फिरवून ठिणगी बंद केली की पेट्रोल इंजिन थांबते; डिझेलला थांबवायचे तर इंधन तोडावे लागते. टर्बोचे (धुराच्या जोरावर फिरून जास्त हवा आत ढकलणाऱ्या यंत्राचे) सील झिजले किंवा ऑइल प्रमाणाबाहेर भरले, तर इंजिन स्वतःचे वंगण तेलच हवेच्या वाटेने ओढून जाळू लागते. मग किल्ली काढली तरी ते थांबत नाही, वेग वाढतच जातो, जास्त वेगाने ते आणखी तेल ओढते आणि शेवटी तुकडे होतात. हवेची वाट घट्ट बंद करणे हा त्यावरचा उपाय, आणि तेव्हा जवळ जायला धीर लागतो. खाणी आणि तेलविहिरींवरच्या इंजिनांना यासाठी हवा तोडणारी स्वतंत्र झडप बसवतात.

आता ओढीकडे वळू. डिझेलला उपजतच जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, असतो असे सर्रास म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. टर्बो नसलेले जुने डिझेल इंजिन तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल इंजिनापेक्षा काही जास्त टॉर्क देत नसे. फवाऱ्यातल्या थेंबांची वाफ होऊन ती हवेत मिसळायला आणि जळायला वेळ लागतो, त्यामुळे डिझेल फार वेगाने फिरू शकत नाही. मोटारीतलेही मिनिटाला साधारण साडेचार-पाच हजार फेऱ्यांवर थकते. वेग नाही म्हणून सगळी ताकद खालच्या वेगातच काढावी लागते, आणि तिथे टर्बो मदतीला येतो. धुराच्या जोरावर फिरणारे टर्बाइन जास्त हवा आत ढकलते. पेट्रोल इंजिनात अशी हवा कोंबली की ठोक्यांची भीती वाढते. डिझेलमध्ये ती नसल्यामुळे ते कितीतरी अधिक हवा पचवू शकते, आणि जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळण्याची मुभा. उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी घेऊन चढ चढणारा ट्रॅक्टर वेग घटला तरी मान टाकत नाही, त्यामागे हे आणि गव्हर्नर अशा दोघांचे काम असते.

टकटक कशामुळे येते तेही याच क्रमातून समजते. फवारा सुटणे आणि पेटणे यांत सेकंदाच्या हजारांश भागाएवढा विलंब होतो. तेवढ्यात आत गेलेले सगळे इंधन एकदम भडकते आणि दाब झटक्याने वाढून हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. सिलिंडर, पिस्टन आणि हेड जाड ठेवावे लागतात ते हा मार सोसण्यासाठी, आणि त्या जाडीतून येते वजन, किंमत आणि दीर्घायुष्य. कॉमन रेल प्रणालीने या आवाजाचा बंदोबस्त केला. एकाच पाइपात डिझेल सतत दोन हजार बारच्या जवळपास दाबाखाली तयार ठेवायचे आणि विजेवर चालणाऱ्या इंजेक्टरांनी ते हवे तेव्हा सोडायचे. आधी चिमूटभर फवारा सोडून तो पेटू द्यायचा, मग मुख्य मात्रा. एका फेरीत असे अनेक फवारे शक्य झाले. १९९७ मध्ये मोटारींत आलेली ही पद्धत भारतात घरोघरी पोचली ती फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनामुळे. पुण्याजवळ रांजणगावातही बनलेले हे इंजिन फियाट, टाटा आणि मारुती यांच्या कितीतरी गाड्यांत बसले. त्याच्या बदल्यात पान्याने एअर काढण्याचे दिवस मात्र गेले, आणि बिघाड शोधायला संगणक लागू लागला.

काळ्या धुराचे मूळही 'इंधन नंतर' यातच आहे. फवारा आत शिरतो तेव्हा त्याच्या गाभ्यात इंधन दाटलेले आणि प्राणवायू अपुरा, म्हणून तिथे काजळी तयार होते. फवाऱ्याच्या कडेला मात्र प्राणवायू मुबलक आणि तापमान अतिशय जास्त, म्हणून तिथे हवेतलाच नायट्रोजन जळून नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. ज्वलन अधिक गरम केले तर काजळी घटते पण ऑक्साइडे वाढतात. थंड केले तर उलटे. या कात्रीतून नुसत्या इंजिनाच्या रचनेने सुटका होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, तेव्हा हा प्रश्न केवळ त्रासाचा राहिला नाही. फोक्सवॅगनने या कात्रीवर संगणकातली लबाडी हा उपाय शोधला : चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी प्रणाली. सप्टेंबर २०१५ मध्ये ती उघडकीस आली आणि जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ती असल्याचे कंपनीने मान्य केले.

प्रामाणिक उपाय महाग आहेत. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दर दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली आणि डिझेल मोटारींच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर. त्यासाठी काजळी अडकवणारी गाळणी बसवावी लागते, आणि ती साफ होण्यासाठी साठलेली काजळी जाळावी लागते. गाडी रोज शहरात दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर धूर पुरेसा तापत नाही आणि गाळणी तुंबते. ट्रकांत आणि मोठ्या गाड्यांत ३२.५ टक्के युरियाचे शुद्ध द्रावण धुरात फवारून ऑक्साइडांचे नायट्रोजन आणि पाणी करतात. शेतातला युरिया पाण्यात कालवून हा खर्च वाचवण्याचा मोह कोणाला झाला तर तो टाळावा. त्यातली अशुद्ध द्रव्ये ती महागडी यंत्रणा निकामी करतात. लहान मोटारींत हा सारा खर्च वसूल होईना. त्यातच ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर नियंत्रणमुक्त झाल्याने पेट्रोलशी असलेले अंतर आटले होते, आणि एप्रिल २०२० मध्ये मारुती सुझुकीने डिझेल गाड्या बंदच केल्या. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्गही २०२२ मध्ये विजेवर आला.

तरीही जिथे अवजड वजन दूरवर न्यायचे आहे आणि वाटेत वीज नाही, तिथे डिझेल अजून हललेले नाही. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. इंजिनाने त्यातली साठ टक्के वाया घालवली तरी जे उरते ते एक किलो बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेच्या वीसेकपट भरते. मासेमारीची ट्रॉलर, रुग्णालयाचा जनरेटर, हार्वेस्टर आणि समुद्री जहाज यांचा हिशेब याच आकड्यावर चालतो. जहाजांची इंजिने तर या तत्त्वाची परिसीमा आहेत : २००६ मध्ये एम्मा मर्स्क या कंटेनर जहाजावर बसवलेल्या चौदा सिलिंडरच्या वार्टसिला इंजिनाचा प्रत्येक पिस्टन ९६ सेंटिमीटर व्यासाचा आहे, तो अडीच मीटर वरखाली होतो, मिनिटाला अवघ्या शंभरेक फेऱ्या होतात आणि इंधनातली निम्मी ऊर्जा प्रत्यक्ष कामाला लागते. अशा संथ इंजिनात ज्वलनाला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे रिफायनरीतले डांबरासारखे दाट इंधनही तापवून पातळ केल्यावर त्यात जळते. आता हीच जात मिथेनॉलकडे वळू लागली आहे. २०२३ मध्ये पाण्यात उतरलेले लॉरा मर्स्क हे पहिले मिथेनॉलवर चालू शकणारे कंटेनर जहाज. मिथेनॉल दाबाच्या उष्णतेने सहज पेटत नाही, म्हणून अशा इंजिनात आधीसारखीच नुसती हवा दाबली जाते, मग डिझेलसारख्या इंधनाचा छोटासा फवारा पेटवला जातो आणि त्याच्या ज्योतीत मिथेनॉल सोडले जाते.